पहिल्या बाकावरून स्टिअरिंगपर्यंत

गंगापूर रोड, नाशिक
ता. १४ ऑक्टोबर

प्रिय सखे,

परवा फोनवर तू अगदी खुशीत सांगितलंस, की लायसन्स हातात आलं, रोज सकाळी रंकाळ्यापर्यंत गाडी नेतेस, फक्त समोरचं नीट दिसत नाही म्हणून बुडाखाली एक आणि पाठीशी एक अशा दोन उशा घेऊन बसतेस. मी तेव्हा हसले. पण फोन ठेवला आणि रात्रभर त्या दोन उशाच डोळ्यांसमोर. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत आपण दोघी सगळ्यांत पुढे, वर्गात पहिल्या बाकावर. उंचीनं आपल्याला कधी मागं जाऊच दिलं नाही. आता गाडीतही तशाच पुढे सरकून, स्टिअरिंगला छाती लावून बसतो. त्याबद्दलच लिहायचंय. फोनवर तू "हो गं, हो गं" करून विषय उडवतेस, पत्र तसं उडवता येणार नाही.

आमच्याकडे गाडी म्हणजे ह्यांची, हे तुला ठाऊक आहेच. हे सहा फुटांना दोन बोटं कमी, मी चार फूट अकरा. सीट अर्थातच त्यांच्या मापाची. मला कधी चालवायची वेळ आली, की मी सीट जागची न हलवता तिच्या कडेवर टेकायची आणि मान पुढे काढून चालवायची. हलवली तर संध्याकाळी हे विचारणार, "माझी सेटिंग कुणी बिघडवली?" चिडून नाही हं, सहजच. पण नवऱ्याच्या सीटची दांडी ओढायची म्हणजे त्यांच्या कपाटात न विचारता हात घातल्यासारखं वाटायचं मला. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातले डबे हलवायला दहा वर्षं लागली, सीट हलवायला बारा.

तीही हलवली ती अशी. एकदा उड्डाणपुलावर चढताना क्लचपर्यंत पाय पुरेना, म्हणून चालत्या गाडीत खालची दांडी ओढली. म्हटलं, दोन बोटं पुढे घेऊ. चढ होता, सीट सर्रकन मागे! पाय पेडलवरून सुटले, हात स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखे. मागून हॉर्न. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. चढावर सीट मागे घरंगळते आणि ब्रेक मारला की पुढे, हे मला त्या दिवशी कळलं. दांडी उचलली की सीटला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं गं. तेव्हा जे काय हलवायचं ते गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला असताना. हे घरी कुणालाच सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पण खरी अक्कल आली ती गेल्या फेब्रुवारीत. मुंबई नाक्याजवळ गर्दीत थांबलो होतो. गाडी मी चालवत होते, हे शेजारी. मागून क्रेटांनी भरलेला टेम्पो येऊन धडकला. वेग काही फार नव्हता. बंपर दबला, डिकीचं झाकण वाकलं, काचेला ओरखडाही नाही. आम्ही उतरलो, रीतसर भांडलो, घरी येऊन पिठलं-भात खाल्ला. सकाळी उठले तर मान वळेना. ह्यांची अवस्था माझ्याहून वाईट, डोकं उशीवरून उचलायला हाताचा टेकू द्यावा लागत होता. एक्स-रेत हाड शाबूत होतं. मानेला जबर हिसका बसलाय म्हणाले डॉक्टर. माझं तीन आठवड्यांत निभावलं, ह्यांना दोन महिने लागले.

मला कोडं पडलं. धक्का एकच, बसलेलो शेजारीशेजारी, मग त्यांना जास्त का? त्याचं उत्तर गाडी दुरुस्तीला टाकली तिथं मिळालं. तिथले फोरमन साठीचे, सातपूरच्या कारखान्यात उभी हयात गेलेली. बंपर राहिला बाजूला, त्यांनी आधी दोन्ही सीटांच्या माथ्यावरची हेडरेस्टं पाहिली आणि विचारलं, "साहेब उंच आहेत ना? आणि ताई, तुम्ही पुढे वाकून बसता." मी म्हटलं, ज्योतिष बघता काय?

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. एसटीनं थांबल्या जागेवरून गचका देऊन सुटलं की आपली मान कशी मागे जाते? मागून धडक बसली की तसंच होतं, फक्त फार जोरात. सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जागच्या जागी राहायला बघतं. मधल्या मध्ये मान आधी नागमोडी वाकते, मग डोकं मागे फेकलं जातं. ते मागे जायच्या आत अडवायला हेडरेस्ट. "नाव रेस्ट आहे म्हणून लोकांना वाटतं डोकं टेकायला आहे. ही उशी नाही ताई, भिंत आहे," असं म्हणाले. ह्यांचं हेडरेस्ट शोरूममधून आलं तसं सगळ्यांत खाली बसवलेलं. ते ह्यांच्या डोक्यामागे नव्हतंच, मानेच्या मागे होतं. डोकं त्याच्यावरून मागे कललं, ओंडक्यावरून फांदी वाकवावी तसं. माझ्या उंचीला तेच खालचं हेडरेस्ट पुरेसं उंच होतं. पण मी सीटच्या कडेवर, त्यामुळे डोकं आणि ते यांच्यात चांगलं वीतभर अंतर. भिंत होती, पण डोकं तिथं पोचेपर्यंत मानेचं व्हायचं ते होऊन गेलं.

मी इतिहासाची बाई, सन विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून घरी येऊन शोधलं. आपण लावतो तो खांद्यावरून येणारा पट्टा व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ साली आणला. अमेरिकेत नव्या मोटारींच्या पुढच्या सीटांना हेडरेस्ट सक्तीचं झालं १ जानेवारी १९६९ पासून. मग साब या स्वीडनच्या मोटार कंपनीनं १९९७ मध्ये असं काढलं, की धडक बसून पाठ सीटमध्ये रुतली की तिच्याच दाबानं हेडरेस्ट वर आणि पुढे येतं. पाठोपाठ १९९८ मध्ये व्होल्व्होनं अख्खी सीटच मागे झुकून धक्का जिरवेल अशी केली. माणसांनी मानेसाठी एवढी डोकी लढवली आणि आम्ही ते हेडरेस्ट बारा वर्षांत एकदा वर ओढलं नव्हतं! त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा ह्यांनी दोन वर्षं काढू दिलं नव्हतं, ते वेगळंच.

तर आता तुझ्या उशा. पाठीची उशी आधी काढ. ती पाठीला पुढे ढकलते, पाठीबरोबर डोकंही पुढे येतं आणि मागचं अंतर वाढतं. बुडाखालची मऊ उशी तर आणखी वाईट. जोरात ब्रेक लागला की ती दबते, सरकते, आणि आपण पट्ट्याखालून घसरतो. पट्टा कमरेच्या हाडांवर राहायला हवा, पोटावर चढता कामा नये. तुझ्या गाडीत सीटच्या बाजूला, दाराकडे एक दांडी आहे का बघ. वरखाली पंपासारखी मारली की सीट उंच होते. बऱ्याच गाड्यांत असते आणि बऱ्याच बायकांना माहीत नसते; मलाही नव्हती. ती नसलीच तर घट्ट, न दबणारी पातळ गादी घे, सीटला बांधता येईल अशी.

फोरमनकाकांनी मला अर्धा तास सीटवर बसवून सगळं करून घेतलं. आधी बूड अगदी मागच्या कोपऱ्यात सरकवायचं, पाठ आणि सीट यांत फट नको. हे चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. मग उंची: समोरचा रस्ता स्टिअरिंगच्या वरून दिसला पाहिजे, पण छत डोक्याला लागता कामा नये, चार बोटं मोकळी राहू देत. मग क्लच पूर्ण दाबून सीट पुढेमागे. क्लच तळाशी गेला तरी गुडघा जरासा वाकलेला राहायला हवा. दांडी सोडली की 'कट्ट' असा आवाज येतो, पण नुसत्या आवाजावर विसंबू नकोस. बसल्या बसल्या अंगानं पुढेमागे झोका दे. सीट हलली तर एका बाजूची खाच बसलेलीच नाही. खाली पाण्याची बाटली किंवा छत्री अडकलेली असली तरी असंच होतं. आमच्या सीटखाली तर वणीच्या प्रसादाचा नारळ निघाला, कुठल्या सालचा देव जाणे.

आता मुख्य गोष्ट. कंपासपेटीतली फुटपट्टी घे. स्टिअरिंगच्या मधोमध, हॉर्न असतो तिथून आपल्या छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं. त्या गोल झाकणामागे एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकापुढे ती सक्तीची आहे. पापणी लवायच्या आत उघडते, आणि छाती तिला चिकटलेली असली तर वाचवणारीच मारते. माझं पहिल्यांदा मोजलं तेव्हा १७ भरलं! तू म्हणशील, मागे सरकले तर पाय पुरणार नाहीत. मीही तेच म्हटलं. काका म्हणाले, "पाय तिथंच राहू द्या, पाठ थोडी मागे न्या." म्हणजे सीट तशीच, फक्त पाठीचा भाग दोनतीन खाचा मागे कलवायचा. स्टिअरिंग खाली घेता आलं तर तेही घ्यायचं, म्हणजे एअरबॅग तोंडावर न येता छातीवर येते. पाठ टेकवून हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतं का, ते बघायचं. टेकलं की जमलं.

हेडरेस्ट सगळ्यांत शेवटी, कारण पाठ कलवली की त्याची जागा बदलते. त्याचा माथा आपल्या माथ्याइतका हवा. तेवढं वर येत नसेल तर कानांच्या वर तरी, आणि डोक्यामागे दोनतीन बोटांचं अंतर. वर नुसतं ओढलं की येतं. खाली न्यायला दोन दांड्यांपैकी एकीच्या बुडाशी बटण असतं, ते दाबायचं. मग वरून हाताचा दाब देऊन बघ, आपोआप खाली बसलं तर खाच लागलेली नाही. गाडी धुवायला देतेस ना? आमच्याकडे एकदा पोरांनी हेडरेस्टं काढून उलटी बसवली होती, तोंड मागे. आणि त्या दांड्या काच फोडायला दिलेल्या असतात, असा जो मेसेज दर पावसाळ्यात फिरतो, त्यावर जाऊ नकोस. कित्येक गाड्यांत हेडरेस्ट निघतच नाही.

आता हसू नकोस, पण सगळ्यांत मोठी अडचण माझा अंबाडा होता! सगळं मापात बसवलं आणि काका म्हणाले, "ताई, डोकं मागे जात का नाही?" अंबाडा मध्ये. त्यानं डोकं चार बोटं पुढे ढकललेलं, आणि वर तो दातेरी क्लचर, म्हणजे धक्का बसला की डोक्यात रुतायला तयार. तेव्हापासून गाडी चालवायची असली की मी वेणी घालते. सासूबाई म्हणतात, ह्या वयात वेणी? म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांचं नाव घेतलं की आमच्याकडे सगळं खपतं.

मागच्या सीटचं रामायण वेगळंच. सासूबाई मागे मांडी घालून बसायच्या, आणि ह्यांनी आरशात मागचं दिसत नाही म्हणून तिथली हेडरेस्टं काढून माळ्यावर टाकलेली. ती आणून बसवली. खालच्या जागेवर असली की पाठीत टोचतात, तेव्हा सासूबाई स्वतःच ओरडतात, "अगं, ती वर घे." ती टोचावीत अशीच केलेली असतात म्हणे, म्हणजे माणूस वर ओढतो. पट्ट्यासाठी मात्र मला पालघरचा अपघात सांगावा लागला, २०२२ च्या सप्टेंबरातला, उद्योगपती सायरस मिस्त्री त्यात गेले; मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पट्टा न लावल्याचा हजार रुपये दंड मागच्यांनाही आहे, हे ऐकल्यावर तर लगेच लावला; हजार रुपये सासूबाईंना फार. ह्यांची खोड अजून गेलेली नाही. समृद्धीवर लागलो की शेजारची सीट पार आडवी करून घोरायला लागतात. तसं झोपलं की पट्टा अंगापासून सुटतो आणि धडकेत माणूस त्याच्या खालून निसटतो. मी आता सरळ गाडी कडेच्या थांब्यावर घेते आणि सीट उभी होईपर्यंत निघत नाही. दोनदा भांडण झालं. तिसऱ्यांदा हे सिन्नरपासून जागे होते, तोंड फुगवून.

आणि सीट? आता गाडीत बसले की मी पहिल्यांदा दांडीच ओढते. संध्याकाळी हे आपली परत करून घेतात. पहिले चार दिवस कुरकुर झाली, मग मी त्यांच्या सीटच्या रुळाशेजारी माझ्या जागी लाल आणि त्यांच्या जागी निळी नेलपॉलिशची खूण केली. निळी कुठून आणली ते विचारू नकोस, नातीची आहे.

दिवाळीत भावजी आणि तू नक्की या. कोंडाजीचा चिवडा आणि मिसळ मी बघते, येताना अर्धी गाडी तू चालवायचीस. पत्र मिळालं की तशीच खाली जा, गाडी बंद ठेवून आत बस आणि फुटपट्टी लाव. किती भरलं तेवढं कळव. माझं आता २६ आहे.

तुझीच,
पहिल्या बाकावरची