दहा आधीची, दहा नंतरची

प्रिय आई, बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर रोज सकाळी येणारी वचनं तुम्ही मनापासून वाचता आणि पुढे पाठवता. ते थांबवा असं मी म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती वचनाखालच्या मजकुराची. "विश्वासाचं बी पेरा, शंभरपट मिळेल" असं लिहिलेलं असतं आणि शेजारीच पैसे पाठवायचा कोड. असं काही आलं की पैशांचा विचार नंतर करा, आधी पवित्र शास्त्र उघडा.

रीत साधी आहे. वचनाचा संदर्भ शोधा: पुस्तक, अध्याय, वचन. संदर्भच दिला नसेल तर तो मजकूर तिथेच सोडून द्या. शब्द जुळले नाहीत तर गोंधळू नका. मराठीत भाषांतरं एकाहून अधिक आहेत, म्हणून शोधायचं ते आकड्यांवरून. मग आधीची दहा वचनं वाचा, नंतरची दहा वाचा, आणि विचारा: हे कोण बोलतंय, कोणाला, कशासाठी?

ईयोब 8:7 घ्या. सुरुवात लहान असली तरी शेवट मोठा होईल, हे वचन नव्या कामाच्या शुभेच्छांत फार चालतं. पण अध्यायाच्या पहिल्या वचनात बोलणाऱ्याचं नाव आहे, बिल्दद. मुलं गमावलेल्या ईयोबाला तो चौथ्या वचनात सुचवतो की त्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून त्यांना शिक्षा झाली. आणि 42:7 मध्ये देव म्हणतो, ईयोबाचे हे मित्र माझ्याविषयी योग्य ते बोलले नाहीत. शास्त्रात छापलेलं प्रत्येक वाक्य देवाचं आश्वासन नसतं. मत्तय 4:6 मध्ये तर सैतानच स्तोत्र 91 म्हणून दाखवतो, आणि "तुझ्या सर्व मार्गांत" एवढे शब्द गाळतो. येशू त्याला अनुवाद 6:16 नं उत्तर देतो, म्हणजे वचनासमोर वचन ठेवून.

यिर्मया 29:11, हिताच्या संकल्पांचं, तुम्हा दोघांचं आवडतं. ते बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. आदल्याच वचनात 70 वर्षं थांबायला सांगितलंय, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हयातीत सुटका नव्हती. त्यांनी काय करायचं ते 5 ते 7 मध्ये येतं: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि 8 व्या वचनात इशारा आहे की तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका. एवढं वाचल्यावर ते वचन लहान होत नाही. माझ्या मते उतारवयात ते जास्त आधार देतं, कारण ते झटपट काही कबूल करत नाही.

आता पैशांचं. मलाखी 3:10, "सगळा दशमांश भांडारात आणा", हे वचन सगळ्यात जास्त ताणलं जातं. तिथलं भांडार मंदिराचं आहे आणि त्यात धान्य साठवत. मंदिराच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, ते त्यावर जगत. वाटा मिळेनासा झाला तेव्हा ते आपापल्या शेतांकडे निघून गेले, हे नहेम्या 13:10 मध्ये आहे. अनुवाद 14:28-29 प्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या पोटासाठी होता. आणि मलाखीतच पाच वचनं वर, 3:5 मध्ये, मजुराची मजुरी अडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना गांजणाऱ्यांवर देव न्याय आणतो. ज्या वचनानं विधवेचं पोट भरायचं, ते दाखवून विधवेचंच पेन्शन मागणं मला सहन होत नाही.

बियाचंही तसंच. शंभरपट पीक देणाऱ्या बियाचा अर्थ येशूनं लूक 8:11 मध्ये स्वतः सांगितलाय: बी म्हणजे देवाचं वचन. 2 करिंथ 9:6 मध्ये मात्र पौल पेरण्याचा दाखला खरोखरच पैशांच्या देणगीसाठी देतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण ती वर्गणी यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होती. पुढच्याच वचनात तो म्हणतो, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नाही. आणि 8:19-21 मध्ये ही रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत आहे, कोणी दोष ठेवू नये म्हणून. कोणीही पैसे मागितले तर हेच विचारा: कोणासाठी? हिशेब कोण बघतं? आजच द्या अशी घाई का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर जरूर द्या. तुमचा हात सढळ आहे आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं.

एक अडचण छापील प्रतीतही येते. अध्यायांचे आकडे 13 व्या शतकातले. नव्या करारातली आजची वचनांची गणती रोबेर एस्तिएन या मुद्रकानं 1551 साली छापली. मूळ लिखाणात दोन्ही नव्हतं. त्यामुळे कधी सलग बोलणं मध्येच तुटतं. लूक 20:47 मध्ये येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल सावध करतो, तिथे अध्याय संपतो. 21 वा उघडतो तो मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे जवळ होती तेवढी सगळी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेनं. मग 21:6 मध्ये मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असं येतं. येशू तिचं कौतुक करतोय की तिच्यासाठी हळहळतोय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला दोन्ही वाटतं.

रविवारी फोन करेन. तेव्हा बाबा, तुम्ही लूक 20:45 पासून 21:6 पर्यंत मोठ्यानं वाचा, मधला मथळा आणि आकडा सोडून. आई, तुला त्या विधवेबद्दल काय वाटतं ते मला ऐकायचंय.

तुमची लेक