स्विंडनमधली ती बंद इमारत

मा. संपादक,

गोव्यात इंग्लंडमधल्या स्विंडनचे नाव निघते ते पोर्तुगीज पासपोर्ट, गोदामातली नोकरी आणि खोलीचे भाडे एवढ्यापुरतेच. इथे राहणाऱ्या आम्हा हजारो गोवेकरांनाही हे शहर कशावर उभे राहिले याची फारशी चौकशी नसते. मला याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

माझे वडील वास्कोला रेल्वेत होते, माझे बालपण क्वार्टर्समध्ये गेले. त्यामुळे इथल्या रेल्वे व्हिलेजची मला पहिल्यापासून ओढ आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने लंडन-ब्रिस्टल मार्गावर १८४३ मध्ये इंजिनांचा कारखाना सुरू केला आणि कामगारांसाठी सुमारे तीनशे दगडी घरे बांधली. गल्ल्यांना बाथ, ब्रिस्टल, एक्सेटर, टॉन्टन अशी, गाड्या जात त्या गावांची नावे दिली. त्या घरांत आजही लोक राहतात. जवळचे सेंट मार्क्स चर्च जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे, १८४५ मधले. मुंबईचा राजाबाई टॉवर याच वास्तुशिल्पकाराचा, हे कळल्यावर मी ते चर्च पुन्हा नीट पाहून आले.

कामगारांच्या पगारातून दर आठवड्याला थोडी कपात करून १८४७ मध्ये इथे वैद्यकीय निधी उभा राहिला. त्यातून डॉक्टर आले, औषधे आली, पुढे इस्पितळ आणि मिल्टन रोडवरचे पोहण्याचे तलाव व टर्किश बाथ झाले. ज्या एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आज आपल्या मुलींची बाळंतपणे होतात, ती सुरू होण्याच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट!

पण मला सर्वांत जवळची वाटते ती एम्लिन स्क्वेअरमधली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन. कामगारांनी १८४४ मध्ये संस्था काढली आणि १८५५ मध्ये तिची ही इमारत उघडली. दिवसभर भट्टीसमोर उभी राहणारी माणसे संध्याकाळी इथे पुस्तके घेत, व्याख्याने ऐकत, नाटके करीत. मडगावच्या गोमंत विद्या निकेतनात ग्रंथालय, व्याख्याने आणि रंगमंच ज्या ओढीने एका छपराखाली आले, तीच ओढ इथल्या लोहारा-फिटरांना होती. कारखाना अगदी आपल्या आठवणीतल्या १९८६ मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षी ही इमारतही. सरकारदरबारी तिची नोंद संरक्षित वास्तूंमध्ये आहे, तरी इतकी वर्षे ती पडून आहे. कामावर जाताना तिच्या बंद खिडक्यांकडे पाहून माझा जीव तुटतो.

कारखान्याच्या इमारतींचे नशीब त्या मानाने बरे. एका भागात २००० पासून ‘स्टीम’ हे रेल्वे संग्रहालय आहे, दुसऱ्यात १९९७ पासून मोठे आउटलेट मॉल. रविवारी आपली माणसे तिथे बूट-जॅकेटांसाठी गर्दी करतात. ब्रिटिश रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन ‘ईव्हनिंग स्टार’ १९६० मध्ये याच कारखान्यातून बाहेर पडले, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

आपल्या दैनिकाने या वास्तूंवर सचित्र लेख छापावा, ही विनंती. ज्यांची मुले इथे आहेत त्या आईवडिलांनी फोनवर पगाराबरोबर याचीही विचारपूस करावी. आणि स्विंडनवासी गोवेकरांनो, पोर्तुगीज पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांनाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येते. मते मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन कधी दुरुस्त करणार आणि आमच्या नाटकांना तिथे जागा मिळेल का, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

– एक गोमंतकीय वाचक, स्विंडन (मूळची वास्को)