मॅनेजरची जागा मी नाकारली

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा आईने फोनवर विचारलं, "मॅनेजर कधी होणार गं?" आणि मी विषय बदलला. खरं तर ती जागा मागच्याच महिन्यात मला देऊ केली होती. मी नको म्हटलं. आई, रागावू नकोस, आधी सगळं वाच.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेतीनला आमची पैसे भरण्याची सिस्टिम बंद पडली. कॉलवर १४ जण. हात चालत होते दोघांचे, माझे आणि एका नवीन मुलाचे. बाकीचे दर पाच मिनिटांनी "किती वेळ?" विचारत होते, कारण प्रत्येकाला आपल्या वरच्याला उत्तर द्यायचं होतं. चूक त्या मुलाने शोधली. डेटाबेसची कनेक्शनं उघडत होती, पण मिटत नव्हती. हे त्याने तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं, तेव्हा वरचे "पुढच्या तिमाहीत बघू" म्हणाले. सकाळच्या मेलमध्ये आभार साहेबांचे, त्याचं नावच नाही. मी सगळ्यांना उत्तर पाठवून ते घातलं.

बाबा, त्या रात्री मला हर्णै बंदर आठवत होतं. १ ऑगस्ट तोंडावर, मासेमारीची पावसाळी बंदी उठणार, बोटीचा मालक आणि त्याचे भाऊ तुमच्या डोक्यावर उभे. तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलेलं, मूठ कानाशी. "जरा गप ऱ्हावा," म्हणालात आणि सगळे गप्प झाले. पैसे तुम्हाला कमीच मिळाले, पण तुम्ही "नको" म्हटलंत की बोट चालवणारा तांडेल ती बाहेर काढत नसे. आमच्याकडे तेवढं कुणी ऐकत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात पगार वाढायचा तर बहुतेक ठिकाणी हाताखाली माणसं लागतात. म्हणून चांगले कारागीर काम सोडून मीटिंगांत बसतात, आणि मॅनेजरांचे थरावर थर चढतात. ॲमेझॉन कंपनीचे प्रमुख अँडी जॅसी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये कळवलं, की मार्च २०२५ अखेर मॅनेजरांच्या तुलनेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचं प्रमाण किमान १५ टक्क्यांनी वाढवायचं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही हे थर जड झाले. चांगला मॅनेजर हवाच, मला एक मिळाली होती, ती आमच्या आणि वरच्यांच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहायची. पण मला मशीनशीच राहायचं आहे.

त्या जागेचा पगार जास्त होता. पडवीचं काम त्यामुळे पुढच्या वर्षावर गेलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. कौलांचे पैसे मात्र या महिन्यात पाठवते, पावसाआधी शाकारून घ्या.

गणपतीला येतेच.

तुमची,
मनू