गृहविमा रद्द झाल्याचे घरमालकालाच कळू नये?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या तळमजल्याच्या घरात छतापासून हातभर अंतरावर येऊन थांबले होते. त्या अनुभवानंतर, २०२२ मध्ये गृहकर्ज घेताना बँकेनेच पुढे केलेला दहा वर्षांचा गृहविमा मी एकरकमी हप्ता भरून घेतला. पुढे व्याज कमी पडते म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवले. कर्ज गेले तरी घर आणि विमा दोन्ही आपलेच आहेत, अशी माझी समजूत होती. यंदा एप्रिलमध्ये घरातील सामानाची विमा रक्कम वाढवण्यासाठी कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा कर्जखाते बंद होताच जुन्या बँकेच्या पत्रावरून ती पॉलिसी रद्द करण्यात आली होती, असे समजले. मला पत्र नाही, फोन नाही, साधा संदेशही नाही. म्हणजे गेला सबंध पावसाळा आम्ही विम्याशिवाय काढला आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की, ग्राहक कारण न देता कधीही पॉलिसी रद्द करू शकतो. कंपनीला मात्र फसवणूक सिद्ध झाली असेल तरच, आणि किमान सात दिवसांची सूचना देऊनच ती रद्द करता येते. माझ्या बाबतीत यांपैकी काहीच घडलेले नाही, कारण मी विनंती केली नव्हती आणि माझ्यावर कोणता आरोपही नव्हता. पॉलिसीवर बँकेचे नाव असते ते तिच्या कर्जापुरते. कर्ज फिटल्यावर ते नाव कमी करावे, हे समजू शकते. पण त्यासाठी घराचे संरक्षणच काढून घेण्याचा अधिकार बँकेला कोणी दिला? परताव्याची रक्कम तर बंद झालेल्या कर्जखात्यातच जमा केलेली निघाली. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार परतावा थेट विमाधारकाला द्यायचा असतो, एजंटाच्या खात्यात तो कदापि जमा करता येत नाही. मग तो बँकेच्या खात्यात का जावा?

ज्यांनी कर्ज फेडले किंवा दुसरीकडे वळवले आहे, त्यांनी आपली पॉलिसी चालू आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रद्द झाली असल्यास आधी नवी पॉलिसी घ्यावी (१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात पूर, वादळ व दरड यांचा समावेश आहे), कारण वाद मिटेपर्यंत पाऊस थांबणार नाही. त्यानंतर रद्द करण्याचे पत्र कोणाच्या सहीचे होते, याची प्रत मागावी. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिन्याभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माझी तक्रार सध्या कंपनीकडे आहे.

घरमालकाची सही असल्याशिवाय गृहविमा रद्द होऊ नये आणि रद्द करण्यापूर्वी त्याच्या नोंदणीकृत मोबाइलवर व घरच्या पत्त्यावर सूचना जावी, एवढा नियम प्राधिकरणाने करावा. नव्या पॉलिसीच्या जाहिरातीचे संदेश ज्या क्रमांकावर दर आठवड्याला येतात, तो क्रमांक कंपनीकडे आहेच.

कळावे,
एक वाचक, चिपळूण