फळा का हलवलात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार अंकातले छायाचित्र पाहिल्यापासून माझे कशातच लक्ष लागत नाही, म्हणून हे पत्र. ‘आजी-आजोबांची धमाल’ या मथळ्याखाली हात वर करून टाळ्या वाजवणाऱ्या ज्या माणसांचा फोटो आपण छापला आहे, त्यात डावीकडून तिसरी मी आहे. आम्ही धमाल करत नव्हतो. आमचा मोडी लिपीचा वर्ग चालू होता आणि फोटोसाठी तो थांबवला गेला.

इंदिरानगरमधल्या आमच्या सभागृहात दर बुधवारी सकाळी दहा वाजता हा वर्ग भरतो. शिकवणारे गुरुजी ८१ वर्षांचे आहेत, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. मानधन घेत नाहीत, खडूसुद्धा घरून आणतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. नुसती मुळाक्षरे डोळ्यांत बसायलाच आम्हाला तीन महिने लागले.

त्या बुधवारी चांदोरीकडच्या एक बाई आजोबांच्या वेळचे गहाणखत घेऊन आल्या होत्या. घरात पत्र्याच्या पेटीत तो कागद वर्षानुवर्षे पडून होता, वाचता कुणालाच येत नव्हता. गुरुजींनी त्यातली पहिली ओळ फळ्यावर उतरवली आणि बाईंनाच वाचायला उभे केले. अडखळत अडखळत त्या आजोबांच्या नावापर्यंत आल्या. नाव वाचले, त्यापुढचे पणजोबांचे नाव वाचले आणि तिथेच थांबल्या. त्यांनी आजोबांना पाहिलेले नाही. वर्गात कुणी काही बोलेना.

नेमके तेव्हाच आपले बातमीदार आणि छायाचित्रकार आत आले. आम्ही कौतुकाने त्यांना तो कागद दाखवला. छायाचित्रकार म्हणाले, “हे फोटोत कळत नाही हो. फळा जरा बाजूला घ्या, मागची भिंत मोकळी पाहिजे. आजी, वह्या खाली ठेवा. बाबा, टाळ्या वाजवा. सगळे हात वर करून हसा.” फळा स्टँडवरचा आहे. दोघांनी तो उचलून दाराबाहेर नेला, त्यात निम्मी ओळ पुसली गेली. छायाचित्रात नीट पाहिलेत तर गुरुजींची उजवी मूठ अर्धी मिटलेली दिसेल. तिच्यात खडू आहे.

मी ३३ वर्षे शाळेत गणित शिकवले. चालू तासाला कुणी माझा फळा हलवला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. त्या दिवशी मात्र आलेल्या पाहुण्यांचा मान म्हणून मीही वही खाली ठेवली आणि हात वर केले. त्याचा राग मला अजून येतो आहे. छापून आलेल्या बातमीत ‘विरंगुळा’ हा शब्द चार वेळा आला आहे, ‘मोडी’ एकदाही नाही.

आपल्याला वाटेल, एका फोटोचे एवढे काय. माझ्या शेजारच्या इमारतीत ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. फेब्रुवारीत त्यांची पत्नी गेली. तेव्हापासून दूध आणायला उतरतात तेवढेच. घरातली विजेची किरकोळ दुरुस्ती आमच्यातल्या बायकांना शिकवा, म्हणून मी दोन महिने त्यांच्या मागे लागले होते. फ्यूज बदलायला, प्लग बसवायला दर वेळी माणूस बोलवावा लागतो आणि तो लवकर येत नाही. शेवटी या शनिवारी येतो म्हणाले होते, कुठली हत्यारे लागतील त्याची यादीसुद्धा काढून ठेवली होती. काल संध्याकाळी भेटले. आपला अंक त्यांनी पाहिला होता. म्हणाले, “ताई, टाळ्या वाजवायला मला नाही जमायचे.”

त्यांना मी काय सांगू? अंक तर घरोघरी गेला.

आता नोव्हेंबर येईल. त्या महिन्यात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. गेल्या वर्षी नाशिकरोडहून एक बाई आमच्या गुरुवारच्या मोबाइलच्या वर्गाला आल्या. नवरा तिथल्या सरकारी छापखान्यात होता, त्याच्या माघारी फॅमिली पेन्शन मिळते. आयुष्यभर धुणीभांडी केल्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या, ठसा उमटेना. बँकेच्या शाखेतून त्यांना तीनदा परत पाठवले होते, दर वेळी रिक्षाचे पैसे वेगळेच. चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो, ती सोय २०२१ पासून आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आमच्या वर्गातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी फोनवर दोन अ‍ॅप घेतली, पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ क्रमांक आणि आधारची माहिती भरली, बाईंना उजेडाकडे तोंड करून बसवले आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. पाच मिनिटांत काम झाले. पुढच्या गुरुवारी त्या बाई स्वतः दुसऱ्या एकीला उजेडात बसवत होत्या. आपल्या बातमीदारांना मी हे सगळे सांगितले होते. त्यांनी वहीत लिहूनही घेतले होते.

फ्रान्समध्ये तुलूज इथे १९७३ साली निवृत्तांसाठी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. त्यांना ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ म्हणतात. पुढे १९८० नंतर इंग्लंडमध्ये केंब्रिजला ती कल्पना गेली तेव्हा त्या लोकांनी तिला वेगळे वळण दिले. बाहेरचे प्राध्यापक नकोत, परीक्षा नको, पदवी नको. ज्याला जे येते ते त्याने शिकवावे, ज्याला हवे त्याने शिकावे. आमचे गुरुजी, पोस्टमास्तर आणि त्या नाशिकरोडच्या बाई याहून वेगळे काय करतात? नाशिकला हे नवे वाटण्याचे तर काहीच कारण नाही. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये इथेच आले, उन्हाळ्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला पांढऱ्या केसांचीच गर्दी असते. शिकणारा म्हातारा या गावाने पाहिलेला आहे.

माझे मागणे मोठे नाही. कार्यक्रमांच्या सदरासाठी मी दर सोमवारी आमच्या वर्गांची दोन ओळींची सूचना आपल्या कार्यालयात स्वतः नेऊन देते. जूनपासून ती एकदाच छापून आली, तीही वर्ग होऊन गेल्यावर. त्या दोन ओळी वेळेवर आल्या तर बँकेतून परत पाठवलेल्या आणखी चार बायकांना आमचा पत्ता कळेल. अर्ध्या पानाच्या फोटोपेक्षा मला त्या दोन ओळी हव्या आहेत.

येत्या बुधवारी त्या गहाणखताची पुढची ओळ वाचायला घेणार आहोत. जमीन किती होती आणि किती रुपयांना गहाण पडली, हे तिच्यात असावे असे गुरुजी म्हणतात. बातमीदारांनी जरूर यावे, मागच्या बाकावर बसावे. छायाचित्रकारही आले तर आनंद आहे, पण फळा जागचा हलणार नाही.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक

ता. क. – गेल्या महिन्यापासून शब्दकोड्याचा टाइप फार बारीक केला आहे. आमच्यातले अकरा जण ते रोज सोडवतात, आता भिंग घेऊनही शोधसूत्रे लागत नाहीत आणि चौकोनात अक्षर मावत नाही. कृपया पूर्वीचा आकार परत द्यावा.