आडनावाच्या रिपोर्टमधला आकडा, ढाल आणि नकाशा तिन्ही चुकीचे, पैसे परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(तुमचं नाव आणि फोन साइटवर कुठेच सापडला नाही, ऑनलाइन विकणाऱ्याला तो देणं बंधनकारक आहे, आधी तेवढं टाका)

विषय: फ्रेंच आडनावाच्या रिपोर्टमधली दिशाभूल करणारी माहिती आणि रिफंड

नमस्कार,

तुमच्या साइटवरून मी 'आडनावाचा उगम, आजची लोकसंख्या, नकाशा आणि घराण्याची ढाल (म्हणजे घराण्याचं चिन्ह असलेलं ढालीचं चित्र), लाकडी फ्रेमसकट' असं पॅकेज घेतलं होतं. माझी लेक फ्रान्सच्या उत्तरेला लीलजवळ असते, जावई तिथलेच, त्यांचं आडनाव लफेव्र. व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे ठाण्याला येणार होते, म्हटलं साडी-शालीच्या जोडीला त्यांच्या घराण्याचं काहीतरी द्यावं, भिंतीवर लावतील. फ्रेम वेळेत आली, पॅकिंगही छान होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आत जे छापलंय त्याबद्दल आहे, आणि तुमच्या कस्टमर केअरने एका ओळीचा मेल टाकून ती 'बंद' केली त्याबद्दल आहे. म्हणून आता सविस्तर लिहितेय, कृपया कोणीतरी माणसाने वाचा.

आधी पितळी पट्टीचं सांगते. त्यावर कोरलेलं आडनावच चुकीचं आहे. ऑर्डरच्या फॉर्मवर मी एकेक अक्षर बघून टाइप केलं होतं, एल ई एफ ई बी व्ही आर ई, स्क्रीनशॉट जोडलाय. तुम्ही मधला बी उडवून वरती फ्रेंच मात्रा चढवून दिलीत. व्याह्यांनी चष्मा वर सरकवला, त्या पट्टीवरून नख फिरवलं, बी हवा होता तिथे येऊन थांबले आणि हसून म्हणाले, हे आमचे शेजारी. विनोदाने घेतलं त्यांनी, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कस्टमर केअरचं उत्तर काय, तर 'दोन्ही स्पेलिंग एकाच आडनावाची आहेत, उच्चार सारखाच आहे.' अहो उच्चार सारखा असेल, पण कागदावरची घरं वेगळी ना. मूळ एकच हे मान्य, लॅटिनमध्ये फाबेर म्हणजे कारागीर, त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये फेव्र म्हणजे लोहार, म्हणून लफेव्र. तो बी बोलताना कधीच नव्हता, नंतरच्या कारकुनांनी लॅटिनची आठवण म्हणून मध्ये घातला असं सांगतात. दुसरंही एक कारण देतात की तेव्हा लिहिताना यू आणि व्ही सारखेच दिसायचे, म्हणून पुढचं अक्षर व्ही वाचावं यासाठी बी टाकला, आणि तरीही काहींनी ते यूच वाचलं आणि त्यातून लफेब्यूर असं आणखी एक आडनाव तयार झालं. म्हणजे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर नवीन आडनाव उभं राहतं, हा त्या लोकांचा इतिहासच आहे, आणि तो सांगायचे पैसे घेऊन तुम्ही तेच अक्षर खाल्लंत.

शिवाय फ्रान्समध्ये आडनावाचं स्पेलिंग ही काही ऐच्छिक गोष्ट नाही. १५३९ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला याच्या हुकुमाने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवायला लागले, १७९२ मध्ये क्रांतीने त्या वह्या चर्चकडून काढून गावच्या नगरपालिकेकडे दिल्या, आणि १७९४ मध्ये कायदाच केला की जन्मदाखल्यावर आहे त्याशिवाय दुसरं नाव कोणी लावायचं नाही. पुढे १८७७ पासून कुटुंबाला सरकारी पुस्तिका मिळायला लागली तेव्हा स्पेलिंग जवळजवळ गोठलंच. त्याआधी पाद्री ऐकेल तसं लिहायचा, सख्ख्या भावांची स्पेलिंग वेगळी असायची. हे सगळं तुमच्या रिपोर्टमध्ये एका ओळीतही नाही. त्याऐवजी काय आहे, तर 'लफेव्र हे प्राचीन नॉर्मन सरदार घराणं'. लोहाराला सरदार करून टाकलंत. लोहार असण्यात कमीपणा काय आहे मला कळलं नाही, विहीणबाईंना तर त्याचा अभिमान आहे.

आता मुख्य मुद्दा, लोकसंख्येचा आकडा.

फ्रेमच्या मधोमध मोठ्या सोनेरी आकड्यात छापलंय की 'आज फ्रान्समध्ये इतके लफेव्र राहतात'. तो आकडा मी इथे परत लिहीत नाही, उद्या कोणी इथून उचलेल आणि अजून कुठेतरी छापेल. कस्टमर केअरचं म्हणणं, 'आमचा डेटा फ्रेंच सरकारच्या सांख्यिकी संस्थेचा आहे त्यामुळे अचूक आहे.' संस्था बरोबर आहे हो, इन्से म्हणतात तिला, डेटाही त्यांचाच असेल. पण तो डेटा कसला आहे ते तुम्ही वाचलंच नाहीत. तो जन्मांचा आहे. फ्रान्समध्ये कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या काळात, कुठल्या आडनावाची किती मुलं जन्मली, त्याची ती यादी. तुमच्याच रिपोर्टच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात तो तक्ता आहे, चार रकाने, १८९१ ते १९१५, १९१६ ते १९४०, १९४१ ते १९६५, १९६६ ते १९९०, शीर्षक फ्रेंचमध्येच सोडून दिलंय. मी कॅल्क्युलेटर घेऊन चार रकान्यांची बेरीज केली, ती तुमच्या सोनेरी आकड्याशी तंतोतंत जुळली.

म्हणजे १८९१ साली जन्मलेला लफेव्र तुमच्या हिशोबाने आज जिवंत आहे आणि १३० च्या वर वयाचा आहे. जगात सगळ्यात जास्त वय ज्यांचं नोंदलं गेलं त्या जान कालमाँ फ्रेंचच होत्या, १८७५ मध्ये आर्लला जन्मल्या, १९९७ मध्ये गेल्या, १२२ वर्षं जगल्या, त्यांच्यापुढे अजून कोणी गेलेलं नाही. तुमच्या फ्रेममध्ये मात्र अख्खा पहिला रकाना त्यांचं रेकॉर्ड मोडायला निघालाय. आणि १९९० नंतर जन्मलेलं एकही मूल त्या बेरजेत नाही, माझा नातूसुद्धा नाही, म्हणजे पणजोबा जिवंत आणि पणतू अजून जन्मायचा आहे.

यावर तुम्ही म्हणाल की थोडं इकडेतिकडे होणारच, अंदाज म्हणून चालेल. नाही चालत, कारण चूक एकाच बाजूला नाहीये, आकडा एकाच वेळी जास्तही आहे आणि कमीही. मेलेली माणसं मोजली म्हणून जास्त. कमी कसा ते सांगते. इन्सेकडची ही नोंदवही १९४६ च्या सुमारास उभी राहिली, त्यामुळे त्याच्या आधी वारलेली माणसं तिच्यात नीट येतच नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक गेले, १८९१ ते ९९ मध्ये जन्मलेली पोरं त्यात भरपूर होती, आणि लफेव्र आडनाव जिथे दाट आहे तो उत्तरेचा पट्टा म्हणजे तर रणांगणच. व्याह्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ त्यातच गेला, त्याचं नाव गावच्या स्मारकाच्या दगडावर आहे. तुमचा पहिला रकाना अशांना वगळून बनलाय आणि तरी वर 'संपूर्ण' असं लिहिलंय.

दुसरं, सुना. फ्रान्समध्ये लग्नाने बाईचं कायदेशीर नाव बदलत नाही, १७९४ चा तोच नियम, जन्माचं नाव शेवटपर्यंत, नवऱ्याचं फक्त वापरायला घेता येतं. माझ्या लेकीच्या कार्डावर माहेरचं आडनाव ठळक आहे आणि खाली वेगळ्या ओळीत वापराचं म्हणून लफेव्र. (आमच्याकडे पूर्वी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहून पोरीचं पहिलं नावसुद्धा पुसायचे, त्यामुळे हे बघून मला फार बरं वाटलं होतं.) तर रोज लफेव्र म्हणून हाक मारून घेणाऱ्या कितीतरी बायका जन्माच्या यादीत दुसऱ्याच आडनावाखाली आहेत. उलट लफेव्र घरात जन्मलेल्या मुली दुसरीकडे नांदतायत आणि त्यांची मोजणी इथे झालीये. आणि २००५ पासून तिकडे मुलाला आईचं, वडिलांचं किंवा दोघांचं जोडून आडनाव देता येतं, म्हणजे इथून पुढे तर हा हिशोब अजूनच फिरणार. कॅनडातल्या क्यूबेकमधल्या लफेव्रांचं तर नावच सोडा, तिकडे आडनाव चांगलंच पसरलंय पण जन्म फ्रान्सच्या बाहेरचा.

हे सगळं एका ओळीत मिटलं असतं. 'फ्रान्समधले जन्म, १८९१ ते १९९०' एवढंच लिहिलं असतंत तर मी हे पत्र लिहायलाच बसले नसते. आकड्यावर माझा राग नाही, त्याच्या खाली जे लिहिलंय त्यावर आहे.

नकाशाचं थोडक्यात. पॅरिसवर लाल टिंब आणि 'उगमस्थान'. अहो तुमच्याच तक्त्यात सगळ्यात वर नॉर जिल्हा आहे, पा-द-काले त्याच्या खालोखाल, दोन्ही पार उत्तरेचे, मग पॅरिसला उगम कशावरून? आणि लोहाराला एक उगमस्थान असेलच कसं, गावोगाव लोहार होते, शेकडो गावांत वेगवेगळ्या माणसांना हे नाव चिकटलं, त्यांचं एकमेकांशी नातं असायचं काही कारण नाही. आपल्याकडच्या सगळ्या पाटलांचा मूळपुरुष एकच असं कोणी म्हटलं तर तुम्ही हसाल ना? तसंच आहे हे. खरी गंमत तर नकाशातच होती आणि ती तुम्ही घालवलीत. तोच लोहार उत्तरेला लफेव्र, दक्षिणेला फाब्र नाहीतर फोर, आल्प्सच्या बाजूला सावोयकडे फाव्र, पश्चिमेला ब्रिटनीत ल गॉफ, पूर्वेला जर्मनीलगतच्या अल्सासमध्ये श्मिट. किड्यांचा अभ्यास करणारे जाँ-आंरी फाब्र आव्हेरोंचे, म्हणजे दक्षिणेचे, तिथे ते लफेव्र झाले असते तरच नवल. असा नकाशा दिला असतात तर मी अजून दोन फ्रेम मागवल्या असत्या.

तुम्ही मात्र 'प्रसिद्ध पूर्वज' म्हणून नेपोलियनचे मार्शल फ्रान्स्वा जोसेफ लफेव्र आणि जाक लफेव्र देताप्ल यांना एका रेषेने जोडून वंशावळ काढलीत. मार्शल जन्मले १७५५ मध्ये अल्सासमधल्या रुफाकला. दुसरे पंधराव्या-सोळाव्या शतकातले विद्वान, उत्तरेच्या समुद्रकाठच्या एताप्लचे, म्हणजे पार दुसऱ्या टोकाचे, ज्यांनी बायबलचा नवा करार फ्रेंचमध्ये आणला. ते लॅटिनमध्ये सही करताना स्वतःला फाबेर म्हणवायचे, एवढी चांगली गोष्ट हाताशी असून ती घेतली नाहीत आणि खोटी रेष काढलीत.

आणि ती ढाल. निळ्या रंगावर तीन सोनेरी लिलीची फुलं आणि वर सिंह. सिंहाचं माहीत नाही, पण निळ्यावर तीन सोनेरी लिली हे फ्रान्सच्या राजाचं चिन्ह आहे, शाळकरी पोरालाही कळेल. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि जावई तर खुर्चीतून पडायचेच बाकी होते. मुळात आडनावाला ढाल नसते, ती एखाद्या माणसाची आणि त्याच्या वंशाची असते. तिकडे सामान्य माणसालाही चिन्ह घेता यायचं, चौदाव्या लुईने १६९६ मध्ये लढाईसाठी पैसे हवे म्हणून सगळ्यांची चिन्हं नोंदवायचा हुकूम काढला, माणशी वीस लिव्र (तिकडचं तेव्हाचं चलन) फी, आणि ज्यांनी चिन्ह कळवलं नाही त्यांना कारकुनांनी आपल्या मनाने काहीतरी ठोकून दिलं. लाखाच्या वर चिन्हं नोंदली गेली त्यात. म्हणजे पैसे घेऊन कोणालाही ढाल द्यायचा धंदा तीनशे वर्षांपूर्वीचा आहे, पण लुईच्या कारकुनांनीसुद्धा लोहाराला राजाचं चिन्ह दिलं नसतं.

माझ्या मागण्या: पूर्ण पैसे परत, कुरिअरच्या खर्चासकट. कूपन नको, पुढच्या ऑर्डरवर सूट नको, मला पुढची ऑर्डर करायचीच नाही. दुसरं, तुमच्या साइटवर सगळ्याच फ्रेंच आडनावांपुढे 'आजची लोकसंख्या' असं छापलंय, मी मार्टिन आणि दुबोआ उघडून बघितलं, तिथेही जन्मांचीच बेरीज आहे, ते शब्द बदला. बाकीच्या गिऱ्हाईकांनाही कळू द्या. आणि 'सरकारी स्रोत' असं लिहायचं असेल तर त्या स्रोताने जे मोजलंय तेच नाव द्या.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. 'तिकीट क्लोज्ड' हा मेल म्हणजे निवारण नाही. पुन्हा तसाच मेल आला तर मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून, आणि पितळी पट्टीचा फोटो सोबत लावणार.

फ्रेम परत पॅक करून ठेवलीये, काचेला बबल रॅप लावलाय. पिकअपवाल्याला संध्याकाळी सहानंतर पाठवा, दुपारी सोसायटीचा वॉचमन पार्सल बाहेर सोडत नाही. ऑर्डर नंबर, बिल, स्क्रीनशॉट आणि रिपोर्टच्या मागच्या पानाचा फोटो सोबत जोडलाय.

कळावे,
तुमची ग्राहक
ठाणे (पश्चिम)