खानापूरच्या जंगलातल्या तिरडीबद्दल, आरोग्यमंत्र्यांना

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळुरू

साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत आहे, कारण खानापूर तालुक्यात आम्ही आजारीही मराठीतच पडतो. कुणाकडून तरी वाचून घ्या.

आमच्या जंगलातल्या गावांत माणसासाठी तिरडी दोनदा बांधतात. पहिली, तो जिवंत असताना. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कोंगळा, आमगावकडे पावसाळ्यात गाडी जात नाही. दोन बांबू, एक घोंगडी, चौघांचे खांदे. साकव पाण्याखाली गेला की कमरेएवढ्या पाण्यातून वाट. १०८ ची गाडी डांबर संपते तिथे थांबते. माझ्या मावशीला असेच आणले. ती वाचली, पण त्यात सरकारचा हात नव्हता, खांदे गाववाल्यांचे होते.

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ साली स्वीकारला. त्याच्या सहाव्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या कलमावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की सरकारने स्वतः जीव न घेणे पुरेसे नाही. आधी दिसणारा धोका टाळायची खटपटही त्यानेच करायची. आता मृग दरवर्षी जूनच्या सात-आठ तारखेलाच लागतो. यात न दिसण्यासारखे काय आहे?

आपले सर्वोच्च न्यायालय तर १९९६ सालीच बोलले. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला बंगालमधल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी माघारी लावले होते. न्यायालयाने हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, भरपाई द्यायला लावली आणि पैसे नाहीत ही सबब मानली नाही.

जंगलाची सबबही तशीच. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) ग्रामसभेच्या शिफारशीवर रस्ते आणि दवाखान्यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय करते. अभयारण्यात मंजुरीचे सोपस्कार जास्त, मान्य. पण गाव हलवायची बोलणी चालू आहेत म्हणून तोवर औषधपाणी थांबवायचे, हे कुठल्या कायद्यात बसते?

(२०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, तेव्हा बेंगळुरूहून तातडीने हरकत आली. तेवढी तातडी साकवाला मिळाली असती तर!)

रस्त्याला वर्षे लागतील, ते कळते. पण पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायकांची गाववार यादी, मेअखेर त्यांना खानापुरात ठेवायची जागा आणि वाटेत दगावलेल्या प्रत्येकाची लेखी चौकशी, याला कुणाची परवानगी लागते? यंदाची यादी झाली आहे का, तेवढे कळवा. कन्नडमध्ये कळवलेत तरी चालेल.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक रहिवासी